बागेतील उजेड : किती, कोठे आणि किती व्होल्टचा?

इतवारी-गांधीबागेतील पेढ्यांच्या वरच्या मजल्यांवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्या कुटुंबांना बाग अशी नव्हतीच. गच्चीवरची तुळस आणि सज्जातील चार कुंड्या एवढाच तेथील हिरवा विस्तार. वर्धा मार्गाने विमानतळाच्या पुढे गेले की चित्र पालटते. मिहान प्रकल्प, त्यातील एम्स आणि आयआयएम, २०१९ मध्ये खापरीपर्यंत धावू लागलेली मेट्रो यांच्या आसपास बंगल्यांच्या वसाहती वाढत आहेत, आणि व्यापारी घराण्यांतील एखाद्या मुलाने तेथे भूखंड घेतला की घरापेक्षा घरापुढच्या मोकळ्या जागेचीच चर्चा अधिक होते.

या जागेतील दिव्यांचा विषय मात्र सर्वांत शेवटी निघतो. तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही आटलेले असतात, म्हणून निर्णय वायरमनवर सोपवला जातो. तो सवयीप्रमाणे कुंपणाच्या भिंतीवर दोन फ्लडलाइट चढवतो आणि घरातल्याच २३० व्होल्टच्या वायरवर हिरवळीत चार खांबदिवे उभे करतो. उजेड भरपूर पडतो. दोष पहिल्या पावसात दिसू लागतात.

ओल्या मातीवर अनवाणी उभा असलेला माणूस म्हणजे विजेला जमिनीत उतरण्याची सोपी वाट. घरमालक बागेत चपला घालून फिरतो. पाण्याचा पाइप हाती धरून चिखलात उभा राहतो तो माळी, आणि दिव्याच्या खांबाला धरून गिरक्या घेतात ती मुले. खांबाच्या आत पाणी शिरले, वायरचे आवरण सोलले गेले आणि अर्थिंग नीट नसले, तर संपूर्ण खांबात २३० व्होल्टचा प्रवाह उतरू शकतो. हा धोका केवळ चांगल्या प्रतीचा दिवा घेऊन टळत नाही. बागेत जाणारा व्होल्टेजच कमी करणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

यासाठी घराच्या भिंतीपाशी एक ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर बसवून तेथून पुढे १२ अथवा २४ व्होल्टची वायर बागेत नेली जाते. येथे शब्दांचा एक घोटाळा लक्षात ठेवावा. महावितरणच्या भाषेत ‘लघुदाब’ म्हणजे घराला मिळणारा नेहमीचाच पुरवठा. त्यामुळे दुकानात ‘कमी दाबाचे दिवे’ असे मोघम न मागता ‘बारा व्होल्टचे’ किंवा ‘चोवीस व्होल्टचे’ असेच सांगावे. दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. काही स्वस्त ड्रायव्हर व्होल्टेज उतरवतात, परंतु त्यांची बाहेर येणारी बाजू मुख्य पुरवठ्यापासून पूर्णपणे विलग केलेली नसते. वेष्टनावर ‘१२ व्होल्ट’ छापलेले असते आणि आत बिघाड झाला की बागेत पुन्हा २३० व्होल्ट पोहोचू शकतात. म्हणून ड्रायव्हर विलगित प्रकारचा, ‘एसईएलव्ही’ अशी नोंद असलेला घ्यावा. दिव्यावर चौकोनाच्या टोकावर उभ्या केलेल्या आकृतीत तीन रेघांचे चिन्ह असते; तो दिवा केवळ अशा सुरक्षित, कमी व्होल्टेजसाठी बनवलेला असल्याची ती खूण. ड्रायव्हरच्या अलीकडची बाजू २३० व्होल्टचीच राहते. तेथे योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी अनिवार्य मानावा, आणि ते काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करवून घ्यावे.

कमी व्होल्टेजची एक किंमत असते, आणि हिशेबात मुरलेल्या वाचकांना ती चटकन समजेल. तेवढेच वॅट कमी व्होल्टवर हवे असतील तर प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की वायरमध्येच अधिक व्होल्ट खर्ची पडतात. समजा, ड्रायव्हरपासून ३० मीटरवर ६० वॅटचे दिवे लावायचे आहेत. १२ व्होल्टवर प्रवाह ५ अॅम्पिअर होतो आणि जाण्यायेण्याची मिळून वायर ६० मीटर भरते. ती तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची असली, तर वाटेतच सुमारे ३.६ व्होल्ट गळतात. दिव्यांच्या हाती जेमतेम साडेआठ उरतात. ‘अडीचची’ वायर घेतली तरी २.२ व्होल्ट जातात. हीच अडीचची वायर २४ व्होल्टवर वापरली की प्रवाह निम्मा होतो आणि गळती १.१ व्होल्टवर येते, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. लहान अंगणाला १२ व्होल्ट पुरेसे आहेत. मिहानकडील मोठ्या भूखंडांवर, जेथे फाटक घरापासून लांब असते, तेथे २४ व्होल्टच घेणे शहाणपणाचे. शिवाय सर्व दिवे एकाच लांब माळेत न ओवता मध्यावरून दोन-तीन फाटे काढावेत. शेवटचा दिवा मंद दिसतो, ही तक्रार बहुधा दिव्याची नसून वायरची असते.

ड्रायव्हर भरगच्च लादू नये. ६० वॅटच्या ड्रायव्हरवर ४८ वॅटपर्यंतच भार ठेवावा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवरील पत्र्याच्या पेटीत तर त्याहून अधिक ताप साचतो. अशा पेटीत ड्रायव्हर फार काळ तग धरत नाही. तो उत्तरेच्या वा पूर्वेच्या भिंतीवर, सावलीत, जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर आणि हवा खेळेल असा असावा.

विदर्भाच्या काळ्या मातीचा स्वभाव मुंबई-पुण्याच्या वास्तुरचनाकारांना नेहमी ठाऊक असतोच असे नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात ताणून पुरलेली वायर दोन-तीन ऋतूंत जोडांपाशी सुटते. म्हणून वायर पाइपातून, तळाशी वाळूचा थर देऊन, फुटभर खोल न्यावी आणि प्रत्येक दिव्यापाशी हातभर वायर सैल वेटोळ्यात ठेवावी. घुशींपासूनही पाइप काही अंशी रक्षण करतो. माळ्याच्या कुदळीपासून रक्षण करण्यास मात्र एकच उपाय: चर बुजवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेऊन ती घराच्या कागदपत्रांत ठेवणे. जोड कधीही नुसत्या काळ्या टेपने गुंडाळून मातीत पुरू नयेत. जेल भरलेले जलरोधक जोड थोडे महाग पडतात, पण बागेतील बहुतेक बिघाड जोडातच होतात. दिवे जमिनीलगत असतील तर आयपी ६७ दर्जाचे घ्यावेत, कारण पाणी तुंबल्यास ते काही काळ बुडूनही टिकतात. भिंतीवरच्यांना आयपी ६५ पुरते.

सौर दिवे चर न खणता लागतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु उजेडाची खरी गरज असते त्या आषाढ-श्रावणात ढगांमुळे त्यांची बॅटरी अर्धवट भरते आणि उन्हाळ्याच्या तापाने ती लवकर थकते. कोपऱ्यातील एखाद्या कुंडीपाशी ते ठीक आहेत, पायऱ्यांपाशी नाहीत.

पायऱ्या, फाटकापासूनची वाट, नळाची जागा आणि जेथे पातळी बदलते ते ठिकाण, एवढ्या चार जागी उजेड पुरेसा असावा. मोकळ्या रानालगतच्या वस्तीत पावसाळ्यात मण्यार, घोणस दारापर्यंत येऊ शकतात, त्यामुळे वाटेवरचा उजेड हा हौसेचा भाग नाही. तो गुडघ्याच्या उंचीवरून खाली पडला की जमिनीवरची वस्तू तिच्या सावलीसह स्पष्ट दिसते. उंच भिंतीवरचा फ्लडलाइट डोळ्यांना दिपवतो आणि त्याच्या पलीकडचा अंधार अधिकच गडद करतो. वाटेवर २ वॅटचे आठ, पायऱ्यांना १ वॅटचे चार, फाटकाला ६ वॅटचा एक आणि एखाद्या वृक्षासाठी ५ वॅटचे दोन, असे मिळून ३६ वॅट होतात. रोज चार तास लावले तर महिन्याला सव्वाचार युनिटच्या आसपास वीज लागते. ५० वॅटचे दोन फ्लडलाइट रात्रभर बारा तास जळले तर ३६ युनिट.

आता ज्या प्रश्नाकडे या घरांनी इतरांपेक्षा अधिक लक्ष द्यावे असे वाटते, तो. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली सकाळी पंखांचा आणि मेलेल्या कीटकांचा सडा दिसतो. पतंग, माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय जीव. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात तो अशा जीवांची विराधना टाळण्यासाठीच. मग त्याच चार महिन्यांत घराबाहेर रात्रभर सापळा पेटता ठेवणे हे यत्नाचाराशी विसंगत ठरते. कीटक दिव्याकडे ‘ओढले’ जातात, हा समजही आता तपासला गेला आहे. इम्पीरियल कॉलेज, लंडन येथील सॅम्युअल फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेले संशोधन जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. जवळचा दिवा त्याची ही दिशाच फसवते आणि तो दिव्याभोवती फिरत राहतो. उजेड खालून आला तर तो उलटा होऊन जमिनीवर आपटतो.

यावरून झाडाखाली जमिनीत पुरलेले, वर तोंड केलेले दिवे, जे आज फार लोकप्रिय आहेत, सर्वांत आधी वगळावेत. झाड उजळायचेच असेल तर फांदीवरून खाली सोडलेला, झाकण असलेला दिवा लावावा; चांदणे पडल्यासारखी छाया त्यातूनही मिळते. रंग २७०० केल्विन वा त्याहून उबदार असावा. निळसर पांढऱ्या ६५०० केल्विनच्या दिव्यापेक्षा त्याकडे कीटक कमी येतात, कारण निळा आणि अतिनील उजेड त्यांना अधिक जाणवतो. फाटकाचा दिवा सेन्सरवर आणि बाकीचे टायमरवर ठेवून रात्री दहाला बंद केले, तर उरलेली रात्र त्या जीवांना मोकळी मिळते.

नागपूरच्या उत्तरेला याचे उदाहरणच आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी आदी गावांतील शंभराहून अधिक रस्त्यांवरचे व सार्वजनिक दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवण्यात आले. मिहानला तर आणखी एक कारण आहे: शेजारी विमानतळ. वैमानिकाला फसवू शकेल असा प्रकाश विमानतळाच्या आसपास दाखवण्यास नियमांनीच मनाई आहे. त्यामुळे आकाशात झोत सोडणारे शोभेचे दिवे लग्नघरातही येथे टाळावेत.

चर खणण्यापूर्वी एक रात्र वायर गवतावर नुसती पसरून दिवे तात्पुरते लावून पाहावेत. १२ व्होल्टवर हे निर्धास्तपणे करता येते. घरातील आजीला फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चालायला सांगावे. ती जेथे थबकेल तेथे एक दिवा हवा, आणि जेथे डोळ्यांवर हात धरेल तेथला दिवा खाली वळवायला हवा.