रोटरी-लायन्सच्या मीटिंगमध्ये नेमकं काय होतं? आणि करकंबसारख्या गावाला त्याचा उपयोग काय?

व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा फोटो तुम्ही नक्की बघितला असणार. मागे फ्लेक्स, पुढे हारतुरे, एका वहीला सात जणांचे हात आणि कडेला कुठंतरी ती वही मिळालेला पोरगा. खाली ओळ, 'क्लबच्या वतीने शालेय साहित्य वाटप'. मग ग्रुपमधला एखादा विचारतो, हे क्लबवाले एवढ्या मीटिंगा घेतात, त्यात चहाबिस्किटाशिवाय होतं काय?

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या करकंबसारख्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऊस आणि द्राक्षाचा हा भाग, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची ये-जा इथंच. पण मोठं दुखणं निघालं की पंढरपूर नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. अशा ठिकाणी क्लब नीट चालला तर त्याचा खरा आधार होतो.

सुरुवात कुठून झाली?

23 फेब्रुवारी 1905 रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बोलावलं. मीटिंग आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायची. या फिरतीवरूनच 'रोटरी' हे नाव पडलं. 1917 मध्ये त्याच शहरातले विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांच्या पुढाकारानं लायन्स उभं राहिलं. 1925 मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याची हाक दिली. नेत्र तपासणी शिबिर म्हटलं की लायन्सचं नाव आठवतं, त्याचं मूळ हे.

भारतात रोटरी 1919 मध्ये कोलकात्यात आली, मुंबईत 1929 मध्ये. लायन्स 1956 मध्ये आलं. महिलांना सभासद होण्याचा रस्ता मात्र लायन्समध्ये 1987 मध्ये आणि रोटरीत जगभर 1989 मध्ये मोकळा झाला.

मीटिंगमध्ये काय होतं?

या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. म्हणून पदग्रहणाचे फ्लेक्स पावसाळ्यात लागतात. अध्यक्ष दरवर्षी बदलतो, त्यामुळं खुर्चीला चिकटून बसायची सोय नसते.

मीटिंगमध्ये मागचं इतिवृत्त वाचलं जातं, जमाखर्च मांडला जातो, पुढच्या उपक्रमाची जबाबदारी वाटली जाते. कधी डॉक्टर, कधी शेतीतला जाणकार पाहुणा म्हणून बोलतो. लायन्समध्ये 'टेल ट्विस्टर' नावाचं पदच असतं. गमतीगमतीत सभासदांना दंड करायचा आणि मीटिंग जिवंत ठेवायची, हे त्याचं काम. रोटरीत पूर्वी दर आठवड्याला मीटिंग सक्तीची होती. चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात हजेरी लावून ती भरून काढता यायची. 2016 पासून नियम सैल झाले आणि महिन्यातून किमान दोन मीटिंगा चालू लागल्या.

नेमानं भेटण्यावर एवढा जोर का?

कारण सेवेची बहुतेक कामं एका दिवसात होत नाहीत. पोलिओचंच बघा. रोटरीनं 1985 मध्ये जगभर मोहीम हाती घेतली. सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षं बूथ लावत राहिले. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

रक्तदानाचंही तसंच. रक्ताची पिशवी साधारण 35 दिवस टिकते. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि महिलेला चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येतं. जयंतीच्या दिवशी सगळ्या गावानं एकदम रक्त दिलं तर पुढचे तीन महिने त्यातलं कुणीच देऊ शकत नाही. नेमानं भेटणारा क्लब दात्यांची यादी ठेवतो आणि उन्हाळ्यात टंचाई पडते तेव्हासाठी काही जणांना राखून ठेवतो.

नेत्र शिबिराची परीक्षाही फोटोनंतरच सुरू होते. तपासणी शाळेत किंवा देवळात चालते, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन रुग्णालयातच व्हायला हवं. आधी साखर आणि रक्तदाब तपासायला हवा. नंतर थेंब वेळेवर घातले जातायत का, फेरतपासणी झाली का, हे कुणीतरी बघायला हवं. एकट्या राहणाऱ्या आजीला पंढरपूरला कोण नेणार, हे ठरवायचं ठिकाण म्हणजे मीटिंग.

करकंबला आणखी एक काम दरवर्षी दारात येतं. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी याच वाटेनं पंढरपूरला जाते. चालून चालून पायाला फोड आलेले, जुलाबानं गळून गेलेले वारकरी असतात. औषधं, स्वच्छ पाणी, मलमपट्टी आणि मागं उरलेला कचरा उचलणं, हे सगळं महिनाभर आधी ठरवलं तरच जमतं.

क्लब खरा की फ्लेक्सपुरता, कसं ओळखायचं?

चार साधे प्रश्न विचारा.

1. संस्थेची नोंदणी आहे का? महाराष्ट्रात अशा संस्था साधारणपणे 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक न्यास कायदा यांखाली नोंदवल्या जातात.

2. लोकांकडून जमवलेला पैसा वेगळा ठेवला जातो का? लायन्सचा नियमच आहे की लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच कामाला लागला पाहिजे. मीटिंगचा चहा सभासदांच्या वर्गणीतून.

3. हिशेब तपासून घेतला जातो का, आणि मागितला तर दाखवतात का?

4. मागच्या वर्षी लावलेल्या झाडांतली किती जगली? मागच्या शिबिरातल्या किती जणांची फेरतपासणी झाली?

चौथ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं तर त्या क्लबाला देणगी द्यायला हरकत नाही. जमलं तर सभासदही व्हा. कारण वर्गणीपेक्षा अशा क्लबांना टंचाई असते ती आजीला गाडीत बसवून दवाखान्यात नेणाऱ्या माणसाची. आणि तो माणूस फोटोत बहुतेक वेळा नसतोच.