‘वॉर्म’ या विशेषणाची मराठी रूपे : ऊब आणि ओलावा

इंग्रजीतील ‘वॉर्म’ हे विशेषण नित्य वापरातले असल्याने त्याचा अर्थ सरळ वाटतो. ‘हॉट’ आणि ‘कूल’ यांच्यामधील, बहुधा सुखद तापमान हा त्याचा वाच्यार्थ होय. परंतु एवढ्यापुरताही मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. पाणी कोमट असते, भात ऊन ऊन असतो, गोधडी उबदार असते. गोधडी स्वतः तापलेली नसते. ती अंगाची उष्णता राखते. म्हणजे येथे कार्याचा धर्म कारणावर आरोपित झालेला आहे आणि ही लक्षणा दोन्ही भाषांत समान आहे.

भिन्नता दिसते ती स्वभाववर्णनात. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका व्यक्तीच्या गुणांची यादी ऐकवली होती. तीत केवळ ‘वॉर्म’च्या जागी ‘कोल्ड’ घातल्याने ऐकणाऱ्यांच्या मनातील त्या व्यक्तीची प्रतिमा पालटली. ही जोडी मराठीत शब्दशः आणता येत नाही. ‘गरम माणूस’ म्हटल्यास तापट माणूस सूचित होतो. ‘थंड माणूस’ हा मंद किंवा शांत ठरतो. प्रेमळ माणसाच्या विरुद्ध मराठी उभा करते तो ‘कोरडा’ माणूस. बोलण्यात ओलावा असतो, उत्तर कोरडे असते, कठोर मनालाही पाझर फुटतो. इंग्रजी जेथे तापमानाची कल्पना योजते, तेथे मराठी पुष्कळदा पाण्याची योजते.

याचे कारण केवळ हवामानात शोधणे अपुरे ठरेल. उष्ण प्रदेशात जीव ‘गार’ होतो हे खरे. पण ‘मायेची ऊब’ हाही अस्सल मराठी प्रयोग आहे. त्यातील भेद सूक्ष्म आहे. ऊब ही मुख्यतः आश्रय घेणाऱ्याला जाणवते, म्हणून ती कुशीला, घराला, सहवासाला शोभते. ओलावा हा देणाऱ्याच्या अंतःकरणाचा गुण मानला जातो. ‘वॉर्म’ या एकाच शब्दात या दोन्ही बाजू सामावतात.

म्हणूनच ‘वॉर्म वेलकम’चे ‘उष्ण स्वागत’ हास्यास्पद होते आणि ‘मनःपूर्वक स्वागत’ स्वाभाविक वाटते. अनुवादकाने कोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी ऊब कोणाला मिळते आहे आणि ओलावा कोणाचा आहे, हे वाक्यातूनच ठरविले पाहिजे. एरव्ही मूळ पात्राचा जिव्हाळा अनुवादात केवळ तापमान होऊन उरतो.