ऋतू नेमका कधी बदलतो? तारखांचा वाद आणि ज्येष्ठांचे आरोग्य

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला की घरोघरी एक लहानसा वाद सुरू होतो. तरुण मंडळींना पंखा हवा असतो. आजोबांना कानटोपी सोडवत नाही. ‘अजून होळी व्हायची आहे, हिवाळा संपलेला नाही,’ असे आजी निक्षून सांगतात, तर सूनबाई दुपारच्या झळांकडे बोट दाखवतात. वाद किरकोळ वाटतो आणि बहुधा हसण्यावारी नेला जातो. मात्र घरातील व्यक्तीने सत्तरी ओलांडली असेल, ती रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या घेत असेल, तर ‘ऋतू कधी बदलला?’ हा प्रश्न केवळ पंचांगाचा राहत नाही. पाणी किती प्यावे, फिरायला कधी जावे, लस कधी घ्यावी, औषधांची फेरतपासणी कधी करावी, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

एक वर्ष, अनेक मोजमापे

या वादात कोणीच सर्वस्वी चुकीचे नसते. प्रत्येकाचे मोजमाप निराळे असते. शाळेत आपण चार-चार महिन्यांचे तीन ऋतू शिकलो. पंचांगात दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू असतात व चैत्र-वैशाख हा वसंत मानला जातो. भारतीय हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पूर्वमोसमी काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमोत्तर काळ. शाळेच्या तक्त्यात हिवाळ्यात बसणारा ऑक्टोबर मुंबई-पुण्यात ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून घाम काढतो, हा अनुभव तर सर्वांचाच आहे.

सणांवर ऋतू मोजायचा म्हटले, तर चांद्रमासांमुळे सणच मागेपुढे होतात. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. सूर्यावरून मोजायचे, तरी एकमत नाही. मकरसंक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीला साजरी करतो. परंतु दिवस प्रत्यक्षात मोठा होऊ लागतो तो २१-२२ डिसेंबरनंतर. पृथ्वीच्या अक्षाच्या अतिशय मंद हालचालीमुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने हे अंतर पडत गेले. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने या गोंधळाचा विचार केला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तरीही जुन्या गणना चालूच राहिल्या. सायन गणनेनुसार वसंत १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो. चैत्रापासून मोजणाऱ्यांचा वसंत २०२५ मध्ये ३० मार्चच्या गुढीपाडव्याला सुरू झाला. एकाच ऋतूच्या दोन आरंभांत सुमारे चाळीस दिवसांचे अंतर!

प्राचीन वैद्यकातील दोन मांडण्या

मी आयुर्वेदाचा वैद्य नव्हे; परंतु या विषयात प्राचीन ग्रंथांनी दाखवलेली लवचीकता आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावते. सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या एक नव्हे, दोन मांडण्या आहेत. पहिलीत शिशिर आहे व पावसाचा एकच ऋतू आहे. दुसरीत शिशिर नाही. त्याऐवजी पावसाळ्याचे प्रावृट् आणि वर्षा असे दोन ऋतू केले आहेत. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून पावसाचे दोन ऋतू. उत्तरेस थंडी अधिक, म्हणून थंडीचे दोन ऋतू, असे त्याचे एक कारण टीकाकारांनी दिले आहे. म्हणजे ऋतू प्रदेशावरून ओळखावा, ही जाणीव जुनीच आहे. नागपूर, महाबळेश्वर आणि रत्नागिरी येथील आजी-आजोबांना एकच तारीख लागू पडेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

अष्टांगहृदयातील आणखी एक कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना तेथे ऋतुसंधी म्हटले आहे. या चौदा दिवसांत जुनी राहणी हळूहळू सोडावी व नवी हळूहळू अंगीकारावी, असे सांगितले आहे. आधुनिक शरीरशास्त्रही उष्णतेबाबत असेच सांगते. नव्याने पडलेल्या उन्हाशी जुळवून घ्यायला, म्हणजे घाम लवकर येऊ लागणे, घामातून मीठ कमी जाणे व रक्ताभिसरण स्थिरावणे यांस, शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. मोसमातील पहिली उष्णतेची लाट पुढच्या लाटांपेक्षा अधिक घातक ठरते, त्याचे एक मोठे कारण हेच.

आभाळ तारीख पाळत नाही

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस मुंबई परिसराला उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला. हवामान विभागाच्या वर्गवारीत तो हिवाळा होता आणि होळीला दोन आठवडे अवकाश होता. त्याच वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. तेथील सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याआधी दोनच वर्षे, २०२३ मध्ये, मुंबईला २५ जूनपर्यंत वाट पाहावी लागली होती. ७-८ जूनच्या मृग नक्षत्रावर भरवसा ठेवणाऱ्याला एका वर्षी पावसाने आधीच गाठले आणि दुसऱ्या वर्षी ताटकळत ठेवले.

वृद्ध शरीर आणि ऋतुबदल

वय वाढते तसे बदलत्या हवेशी जुळवून घेण्याचे शरीराचे सामर्थ्य कमी होते. तहानेची जाणीव मंदावते, घाम पुरेसा येत नाही, पाणी धरून ठेवण्याची मूत्रपिंडांची क्षमता घटते. उन्हाळ्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो. थंडीत त्या आकुंचन पावून तो चढतो. हिवाळ्यात ठरवलेला गोळ्यांचा डोस उन्हाळ्यात जास्त होऊ शकतो, तो यामुळे.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे काही ज्येष्ठ एकसारखीच तक्रार घेऊन येतात : सकाळी उठताना अंधारी येते, थकवा वाटतो, क्वचित तोल जाऊन पडणेही घडलेले असते. चौकशी केली की चित्र स्पष्ट होते. लघवी वाढवणारी गोळी चालू असते, रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी बेताचेच प्यायलेले असते, अंगात स्वेटर असतो, आणि ‘उन्हाळा अजून लागलेला नाही’ अशी साऱ्या घराची समजूत असते. रक्तदाब तपासावा तर बसून ठीक, उभे राहताच खाली. या वयात अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

ऋतुसंधीत काय सांभाळावे?

वाचकहो, तारखेची वाट न पाहता लक्षणांवर नजर ठेवावी. सलग तीन-चार दिवस हवा स्पष्टपणे बदललेली जाणवली, की ऋतुसंधी सुरू झाली असे समजावे आणि पुढील दोन आठवडे घरात थोडी अधिक दक्षता ठेवावी.

• हवा बदलताच आठवडाभर रक्तदाब रोज सकाळ-संध्याकाळ, बसून व उभे राहून, मोजावा आणि वहीत नोंदवावा. ती वही डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत किंवा बंद करू नयेत.

• ऊन वाढू लागले की तहान लागण्याची वाट न पाहता थोडे-थोडे पाणी प्यावे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी पाणी आणि मीठ यांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. सरबत, ताक किंवा ओआरएस त्यांनी परस्पर वाढवू नये.

• अंथरुणातून एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावे, मिनिटभर काठावर बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे.

• फ्लूची लस परिणामकारक व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात वाढतो. म्हणून लस एप्रिल-मेमध्येच, पावसाची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

• मे महिन्याच्या मध्यापर्यंत गच्ची, कुंड्या आणि टाक्या तपासून घ्याव्यात. पहिल्या सरीनंतर साचलेल्या पाण्यात डास वाढायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. मधुमेहींनी पायांच्या भेगा व जखमा आधीच बऱ्या करून घ्याव्यात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी शक्यतो २४ तासांत डॉक्टरांना भेटावे.

• पहाटे गारठा जाणवू लागला की फिरायला जाण्याची वेळ ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावी. दमेकऱ्यांनी श्वासाचे पंप संपत आले नाहीत ना, हे पाहून ठेवावे. छातीत दाब, एका बाजूची अशक्तता, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही आढळल्यास ‘थंडीमुळे असेल’ म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. उन्हाळ्यात अंग तापून गोंधळलेपणा किंवा ग्लानी आली, तरीही हेच करावे.

काळजीवाहकांना एक विनंती. ज्येष्ठांच्या पंचांगावरील विश्वासाची थट्टा करू नका. त्यांची सणवारांशी बांधलेली ऋतूंची समज आयुष्यभराच्या अनुभवातून आलेली असते. ‘आजी, तुमची होळी यायची आहे हे खरे, पण ऊन मात्र आधीच आले आहे,’ असे म्हटले तर पंखाही लागतो आणि मनही दुखावत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांना हवेनुसार कपडे बदलण्याचे भान राहतेच असे नाही. त्यांच्या बाबतीत ही जबाबदारी सर्वस्वी आपली असते.

ऋतूंच्या आरंभाचा वाद पंचांगकर्ते आणि हवामानशास्त्रज्ञ आपापल्या कामासाठी चालवोत. सणांना एक गणना लागते, शेतीला दुसरी, हवामानाच्या नोंदींना तिसरी. औषधपाण्यासाठी मात्र घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीचे शरीर, रक्तदाबाची वही आणि खिडकीबाहेरची हवा, या तिहींचे मत घ्यावे. दिनदर्शिकेवर पुढचा ऋतू छापलेला असेल, त्याच्या पंधरा दिवस आधीच ही वही उघडून ठेवावी.