विश्लेषण : उच्चार ब्रिटिश, वाक्ये मात्र परकी! परदेशी दिग्दर्शकांचे संवाद कुठे फसतात?

वुडी ॲलन यांच्या ‘मॅच पॉइंट’च्या (२००५) पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. ब्रिटनमध्ये मात्र याच चित्रपटाच्या संवादांवर अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. लंडनमध्ये असे कोणी बोलत नाही, असा एकूण सूर होता. मुख्य जोडी सोडली तर चित्रपटातील बहुतेक कलाकार ब्रिटिश. मग खटकले काय?

उच्चार नव्हे, वाक्य...

उच्चार सुधारता येतात. त्यासाठी प्रशिक्षक असतात आणि ब्रिटिश कलाकार घेतला तर त्यांचीही गरज उरत नाही. पण कागदावरचे वाक्यच परके असेल तर कलाकार काय करणार? ‘मॅच पॉइंट’ची कथा आधी न्यूयॉर्कजवळच्या श्रीमंतांच्या हॅम्पटन्स भागात घडणार होती. बीबीसी फिल्म्सचा पैसा मिळाला आणि ती लंडनला हलली. घरे, ऑपेरा, संग्रहालये बदलता आली. बोलण्याची ढब तितक्या सहज बदलत नाही. ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकेत कौतुक असते, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा ‘ठीकठाक’!

त्यात वर्गभेदाची भर. भाषातज्ज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले, की ब्रिटनमधील उच्चवर्गीय साधे ‘नॅपकिन’ म्हणतात आणि उच्चवर्गीय दिसू पाहणारे फ्रेंच वळणाचे ‘सर्व्हिएट’. बाहेरचा लेखक अंदाजाने लिहायला बसला, तर भारदस्त शब्द नेमका लॉर्डसाहेबांच्या तोंडी घालेल. तिथेच ब्रिटिश प्रेक्षक हसतो.

ऑल्टमन यांना कसे जमले?

रॉबर्ट ऑल्टमनही अमेरिकीच, कॅन्सस सिटीचे. १९३२ मधील इंग्रजी हवेलीत घडणाऱ्या ‘गॉसफर्ड पार्क’साठी (२००१) त्यांनी पटकथा ज्युलियन फेलोज यांच्याकडून लिहून घेतली. हेच फेलोज पुढे ‘डाउन्टन ॲबी’चे लेखक म्हणून जगाला कळले. ऑल्टमन एवढ्यावर थांबले नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी रीतीभाती आणि बोलण्यातल्या चुका पकडण्यासाठी त्यांनी फेलोजना सेटवरच ठेवले.

त्यामुळे बाहेरच्याला सुचणार नाहीत असे तपशील आले. पाहुण्यांसोबत आलेल्या नोकरांना तळमजल्यावर त्यांच्या मालकांच्या नावाने हाक मारली जाते. लेडी ट्रेंथम यांची मोलकरीण मेरी तिथे ‘ट्रेंथम’ होते. ऑल्टमन यांनी स्वतःचे कौशल्य वापरले ते ध्वनिमुद्रणात. प्रत्येक कलाकाराला वेगळा माइक लावून ते सगळ्यांना एकाच वेळी बोलू देत. काही वाक्ये नीट ऐकूही येत नाहीत, पण कोणी पाठ केलेले म्हणून दाखवतोय असे वाटत नाही. फेलोज यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले.

दिग्दर्शकालाच इंग्रजी येत नसेल तर?

इंग्रजी जेमतेम येत असलेल्या फ्रान्स्वा त्रुफो यांनी ‘फॅरेनहाइट ४५१’ (१९६६) इंग्लंडमध्ये केला. संवाद इतके ताठर झाले, की खुद्द त्रुफोंना फ्रेंचमध्ये डब केलेली आवृत्ती अधिक आवडे. पुस्तकांवर बंदी असलेल्या जगात माणसे अशीच बोलतील, असा बचाव चाहते करतात. तो अगदीच टाकाऊ नाही. पण त्रुफोंनी पुन्हा इंग्रजी चित्रपट केला नाही.

त्याच वर्षी इटलीच्या मिकेलान्जेलो आन्तोनिओनी यांनी लंडनमध्ये ‘ब्लो-अप’ केला. त्यांनी इंग्रजी संवादांसाठी एडवर्ड बाँड या नाटककाराला घेतले. दक्षिण लंडनच्या कामगारांची बोली रंगमंचावर आणणारे बाँड यांचे ‘सेव्ह्ड’ हे नाटक वर्षभरापूर्वीच आले होते. शिवाय चित्रपटात संवादच कमी.

इतिहासात लपता येते?

बऱ्याच अंशी. शेखर कपूर यांच्या ‘एलिझाबेथ’मध्ये (१९९८) दिग्दर्शक भारतीय, राणी झालेली केट ब्लँचेट ऑस्ट्रेलियन. पण मायकेल हर्स्ट हे लेखक ब्रिटिश होते आणि सोळाव्या शतकातले बोलणे आज कोणी ऐकलेलेच नाही. आजचे लंडन सर्वांत अवघड. तिथे चूक पकडणारे लाखो कान जिवंत आहेत.

ॲलन मात्र लंडनमध्येच रमले. २००७ च्या ‘कॅसान्ड्राज ड्रीम’मध्ये त्यांनी लंडनच्या सामान्य घरातले दोन सख्खे भाऊ दाखवले. एका भूमिकेत आयर्लंडचा कॉलिन फॅरेल, दुसऱ्यात स्कॉटलंडचा युअन मॅकग्रेगर. संवाद पुन्हा ॲलन यांचेच.