हरणं ठरलेलं, पडणं खरं

मार्च संपत आला, शाळांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या, की आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतली मुलं एका निराळ्याच परीक्षेच्या तयारीला लागतात. अमेरिकेत वर्षातून एकदा होणारा 'रेसलमेनिया' नावाचा कुस्तीचा जलसा जवळ आलेला असतो. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट. एरवी सात हाका मारूनही न उठणारी मुलं त्या दिवशी गजराच्या आधी उठतात. घरात कुणाची मराठी, कुणाची गुजराती, कुणाची उर्दू. पण जिन्यावरची चर्चा एकाच भाषेत चालते. कोण जिंकणार?

मोठ्या माणसांचा प्रश्नही एकच असतो. ही कुस्ती खरी की खोटी? मी काही पहिलवान नाही. पण खऱ्या-खोट्याच्या सीमेवरच आम्हा कवींचा संसार चालतो, म्हणून या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा थोडा प्रयत्न करतो.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. व्हिन्स मॅकमहन या माणसाने त्यासाठी आपली कंपनी पणाला लावली होती. पुढे 'पे-पर-व्ह्यू' पद्धत रुळली. म्हणजे असं की, नेहमीच्या केबलच्या पैशांत हा कार्यक्रम दिसायचा नाही. ज्याला पाहायचा असेल त्याने त्या एका रात्रीचे वेगळे पैसे मोजायचे. मग लोकांनी ते मोजावेत म्हणून काय करायचं? वर्षभर दर आठवड्याला फुकट भांडणं दाखवायची. याने त्याला दगा दिला, त्याने याचा पट्टा पळवला. भांडण पुरतं तापलं की त्याचा निकाल मात्र पैसे घेऊन लावायचा. आपल्याकडे गावातल्या वर्षभराच्या खुन्नशी जत्रेच्या मैदानात मिटतात, तसंच काहीसं. १९८७ साली हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांच्या झुंजीला ९३,१७३ प्रेक्षक आल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्या आकड्यावर आजही वाद आहे, पण स्टेडियम तुडुंब भरलं होतं यात शंका नाही.

भारतात आपण त्या रात्रीचे वेगळे पैसे कधी दिले नाहीत. २००२ नंतर हा तमाशा टेन स्पोर्ट्सवर केबलच्या भाड्यातच मिळे, आणि २०२५पासून तो नेटफ्लिक्सवर गेला आहे. २००७ साली हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजेच 'द ग्रेट खली', तिथला जागतिक विजेता झाला, तेव्हा आमच्या नाक्यावर जणू क्रिकेटचा विश्वचषक आला होता. आणि अंडरटेकर! तो सात वेळा मरून पुन्हा जिवंत झाला आहे, असं शपथेवर सांगणारी मुलं त्या काळात प्रत्येक इमारतीत होती. हा अंडरटेकर रेसलमेनियात ओळीने २१ झुंजी जिंकला. २०१४ साली ब्रॉक लेस्नरने त्याला हरवलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममधले हजारो लोक अक्षरशः अवाक झाले. ही हार आधीच ठरलेली होती. अवाक होणं मात्र अस्सल होतं.

हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, असं कुणी म्हणेल. तसं नाही. आमचे एक मामू परळच्या गिरणीत होते. ते सांगायचे, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगची 'फ्रीस्टाईल' असली की चाळीचे दोन तट पडायचे. किंगकाँग म्हणजे एमिल झाया, हंगेरीत जन्मलेला अवाढव्य मल्ल. लोक त्याला शिव्या द्यायला तिकीट काढायचे आणि दारासिंगांना डोक्यावर घ्यायला. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळवून जगज्जेतेपद मिळवलं. पुढे १९८७ साली टीव्हीवरच्या 'रामायणा'त हनुमान म्हणून तेच घरोघरी पोचले. एका नायकाला आणि एका खलनायकाला आखाड्यात समोरासमोर उभं करण्याची युक्ती मुंबईला मॅकमहनच्या कितीतरी आधी ठाऊक होती.

तेव्हाही कुजबुज होतीच. त्यासाठी आपल्याकडे फार चपखल शब्द आहे : नुरा कुस्ती. आधी ठरवून खेळलेली, लुटुपुटूची लढत. हल्ली हा शब्द आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांत जास्त भेटतो, ही गोष्ट वेगळी.

पण कुस्ती ठरवून खेळायची वेळ का आली? त्याचं कारण खऱ्या कुस्तीतच आहे. १९१० साली लंडनमध्ये आपला गामा पोलंडच्या झ्बिस्कोशी भिडला. झ्बिस्को सुरुवातीलाच जमिनीला जो चिकटला, तो अडीच तास उठेचना. लढत शंभर टक्के खरी होती आणि प्रेक्षक शंभर टक्के कंटाळले होते. १९२८ साली पतियाळाला हेच दोघे पुन्हा लढले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. लांबून आलेला माणूस बसतो न बसतो तोच कुस्ती संपली! खरी कुस्ती अशी लहरी असते. तिकीट विकणाऱ्याला ही लहर परवडत नाही. म्हणून अमेरिकेत १९२०च्या दशकात काही व्यावसायिकांनी वेळ बांधून दिली, डाव नेत्रदीपक केले आणि निकाल आपल्या हातात घेतला.

निकाल ठरलेला असतो ही गोष्ट मात्र धंद्यातल्या लोकांनी घराण्याच्या गुपितासारखी जपली. नायक आणि खलनायक यांनी लोकांसमोर एका गाडीतून जायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही, इतकी शिस्त. शेवटी १९८९ साली कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केलं की, हा स्पर्धेचा खेळ नाही, करमणूक आहे. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर मागे लागतात, करमणुकीला ते नको होते. सत्य बाहेर आलं ते पैसे वाचवण्यासाठी.

आता या करमणुकीतला खरा भाग पाहा. रिंगच्या कापडाखाली पातळसा फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. त्यावर आपटायचं म्हणजे हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. हे नुसतं पडणं शिकायला महिनोन्महिने लागतात. एकाने दुसऱ्याला डोक्यावर उचललं असं आपल्याला दिसतं, तेव्हा उचलला जाणाराही स्वतः उडी घेऊन मदत करत असतो. त्या क्षणी त्याची मान 'शत्रू'च्या हातात असते. जो मारतो आहे तोच सांभाळतोही आहे. आमच्या सांगलीकडच्या गावात उरुसाच्या मैदानात मी लहानपणी ज्या कुस्त्या पाहिल्या, त्यात समोरच्याला पाडणं हेच काम असे. इथे त्याला सुखरूप पाडणं हे काम आहे. दोन्हींत घाम सारखाच.

मात्र या साऱ्याला एक काळी बाजू आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट नावाचा ३४ वर्षांचा मल्ल छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरणार होता. कडी सुटली आणि तो ७० फुटांहून जास्त उंचीवरून खाली कोसळला. स्टेडियममधल्या अनेकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग असेल. समालोचकाला टीव्हीवर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की, हे नाटक नाही. ओवेन वाचला नाही आणि त्या रात्रीचा कार्यक्रम तसाच पुढे चालू राहिला. पैसे आधीच मोजलेले होते.

ही घटना मला फार अस्वस्थ करते. मुशायऱ्यात शायर 'मी मेलो' म्हणतो तेव्हा लोक 'वाह वाह' म्हणतात, कुणी रुग्णवाहिका बोलावत नाही; आणि ते योग्यच आहे. पण तोच शायर मंचावर छाती धरून खाली बसला, तर पहिल्या रांगेतल्या माणसाला फरक कळायला हवा. खोटं पाहण्याची मजा जरूर घ्यावी. खरं ओळखण्याची नजर मात्र शाबूत राहिली पाहिजे.

आमच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने पलंगावरून धाकट्या भावावर उडी घेतली. धाकट्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांच्या आईने मला विचारलं, "चाचा, टीव्हीच बंद करून टाकू का?" मी म्हटलं, बंद केलात तर ते शेजारच्या घरी जाऊन पाहतील. त्यापेक्षा ते कसं करतात हे मुलांना समजावून सांगा. पडायला शिकवतात, उचलणारा सांभाळतो, खाली फळ्या असतात, हे कळलं की मुलाला एक गोष्ट आपोआप कळते : आपल्या घरच्या फरशीवर यातलं काहीच नाही आणि आपला भाऊ पडायला शिकलेला नाही.

तेव्हा येत्या एप्रिलमध्ये तुमच्या घरातलं पोर पहाटे उठून टीव्हीसमोर बसलं, तर रागावू नका. चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी बसा. कोण जिंकणार हे त्याला विचारा, आणि मग हेही विचारा की, हरलेल्याला लागलं असेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथला कुणी लेखक ठरवून देत नाही, ते मुलाला स्वतःच शोधावं लागेल. तेवढं बोलणं झालं की त्याला परीक्षेची आठवण करून द्यायला हरकत नाही.