नवा कर्नल आणि आईच्या ओव्या

सैन्यातल्या कर्नलसाहेबांशी आमच्या घराण्याचा कधीच संबंध आला नाही. त्यामुळे परवा सकाळी भाच्याने फोनवरून, "मामा, नवा कर्नल आलाय, त्याचं आणि तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं पटत नाहीये," असे निदान सांगितले, तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या मातुःश्रींनी "कोण रे ड्रायव्हर? कुणाच्या गाडीवरचा?" अशी साहजिकच चौकशी केली.

हकीकत अशी. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी गेली दोन वर्षे संगणकावर उतरवून घेत आहे. तीनशेच्या वर झाल्या. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. आज आठवलेली ओवी उद्या आठवेलच असे नाही. दुसरी प्रत? वाचकहो, तेवढे विचारू नका! आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. रात्री त्याने "नवे बदल बसवू का?" म्हणून विचारले आणि मी झोपेच्या भरात 'हो' म्हणून मोकळा झालो. सकाळी पाहतो तो पंखा घरघरतो आहे, दिवा लागला आहे आणि पडदा मात्र काळाकुट्ट! चहाचा कप ठेवता ठेवता सौ.ने एवढेच विचारले, "अहो, आईंच्या ओव्या आहेत ना?"

"मामा, कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबा," भाचा म्हणाला. दाबले. काळ्यावर पांढरी अक्षरे उमटली. नाव व परवलीचा शब्द दिला, त्याने सांगितल्याप्रमाणे फायलींची यादी मागवली. 'ओव्या' जागच्या जागी होत्या! यंत्र मेले नव्हते. त्याचे चित्र काढणे तेवढे बंद पडले होते.

कर्नल म्हणजे गाभा. यंत्राचे सारे अवयव ज्याच्या हुकमतीत चालतात तो. लिनक्सचा हा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिहायला घेतला. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. माणसे रोज वापरतात ते प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बिघडता कामा नयेत, असा टोरव्हाल्ड्स यांचा दंडकच आहे. पण कर्नलच्या पोटात शिरून काम करणाऱ्या ड्रायव्हरला हे अभय नाही. मराठीच्या मास्तराला यावर घरचाच दाखला सुचतो. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तेव्हा वाचकाचे काही अडले नाही. मुद्रितशोधकाला मात्र सारे नव्याने गिरवावे लागले.

जे ड्रायव्हर कर्नलबरोबरच घडून येतात, त्यांचे सहसा निभावते. आमचा कार्डाच्या कंपनीने वेगळा दिलेला. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो. हे काम आपसूक करणारा डीकेएमएस नावाचा कारागीर आहे. तो मुळात डेल कंपनीच्या अभियंत्यांनी तयार केला. पण शिंप्याला मापे लागतात, तसे त्याला नव्या कर्नलचे 'हेडर्स' लागतात. आमच्याकडे नवा कर्नल आला, हेडर्स आलेच नाहीत!

जुना कर्नल मात्र काढून टाकलेला नसतो, ही या मंडळींची दूरदृष्टी. यंत्र सुरू होताना एस्केप दाबून (काही यंत्रांवर शिफ्ट) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये शिरलो, आदल्या आवृत्तीवर बोट ठेवले आणि पडदा उजळला. दुरुस्ती राहिली बाजूला. आधी ओव्या पेनड्राइव्हवर उतरवल्या! मग 'डीकेएमएस स्टेटस' ही आज्ञा दिली. जुन्या कर्नलपुढे ड्रायव्हर बसल्याची नोंद होती, नव्याचा पत्ताच नव्हता. हेडर्स बसवले, ड्रायव्हर पुन्हा घडवला, यंत्र बंद करून सुरू केले. झाले.

काहींचे घोडे 'सिक्युअर बूट'पाशी अडते. ओळखीच्या किल्लीची सही नसलेल्या ड्रायव्हरला तो दारातूनच परत पाठवतो. ती किल्ली नोंदवून घेणारा निळा पडदा सुरुवातीला एकदाच येतो आणि घाईत आपण तो न वाचताच पुढे जातो. आणखी काही शूर पुरुष अशा वेळी सारी प्रणालीच पुसून नव्याने बसवतात. घरातला दिवा गेला म्हणून घर पाडण्यातला हा प्रकार!

दुपारचे चार वाजले होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"सापडल्या का रे?"

"सापडल्या."

"मग बस लिहायला. सकाळपासून आणखी दोन आठवल्यात."