माल कमी निघतो, दोष कामगाराचाच का? तारापूरच्या कारखान्यांत झालेला प्रयोग काय सांगतो

मावळ : तळेगाव, टाकवे, उर्से भागातल्या कंपन्यांत मावळातली कितीतरी पोरं कामाला जातात. टार्गेट चुकलं किंवा रिजेक्शन वाढलं की पहिली बोलणी मशीनवरच्या पोरालाच बसतात. 'तुझं कामात लक्ष नाही' हे ठरलेलं वाक्य. पण दोष खरंच त्याचाच असतो का? याचा शोध घेणारं मोठं संशोधन आपल्या महाराष्ट्रातच झालंय.

तारापुरात काय केलं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास तारापूर आणि गुजरातमधलं उंबरगाव इथले कापड विणणारे १७ उद्योग निवडले. पद्धत शेतकऱ्याला लगेच कळेल अशी. भाताचं नवं वाण बघायचं तर शेजारी जुन्याचाही वाफा लावतात, म्हणजे फरक दिसतो. तसंच इथं केलं. महिनाभर तपासणी सगळ्यांची झाली. पुढचे चार महिने सुधारणेसाठी सल्लागार राहिले ते ११ उद्योगांतच.

तपासणीत काय दिसलं? जमिनीवर कचरा, अवजारं कुठेही पडलेली. सुताचा साठा किती, त्याची धड नोंद नाही. मशीन बंद पडलं की मगच दुरुस्ती. कापडात खोट येते ती कशामुळे, हे कोणी तपासत नव्हतं.

उपायही साधेच. जागा साफ, अवजारांची जागा ठरलेली, मशीनची देखभाल वेळेवर, खोट आली की नोंद आणि त्यावर रोज बैठक. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे तेवढ्याच साधनांत जास्त काम निघालं. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१७ मध्ये संशोधक परत गेले, तेव्हा लावून दिलेल्या सुधारणांपैकी जवळपास निम्म्या बंद पडलेल्या होत्या. मॅनेजर बदलले, मालकांना वेळ मिळेना, ही त्यातली कारणं. तरी हे कारखाने बाकीच्यांपेक्षा पुढेच होते.

दुकानातही मांडणीच

कारखान्यात कामगाराला दोष, तसा दुकानात गिऱ्हाइकाला. 'बघतात, पण घेत नाहीत.' अमेरिकेत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी एका दुकानात जॅम मांडून हे तपासलं. २४ प्रकार ठेवले तेव्हा थांबणारे जास्त, पण त्यातल्या फक्त ३ टक्के लोकांनी जॅम घेतला. ६ प्रकार ठेवले तेव्हा ३० टक्के लोकांनी घेतला. हे संशोधन २००० सालचं. नंतरच्या प्रयोगांत दर वेळी असंच घडलं नाही, त्यामुळे लोणावळ्यात चिक्की विकणाऱ्यांनी किंवा बचत गटाच्या ताईंनी स्वतःच करून बघावं. एका रविवारी सगळे प्रकार, पुढच्या रविवारी खपणारे पाच-सहाच. गल्ला लिहून ठेवायचा. तीन-चार वेळा आलटून पालटून केलं की अंदाज येतो.

कामगारांनी काय करावं?

मशीन किती वाजता बंद पडलं, किती वेळ बंद होतं, माल कधी उशिरा आला, हे तारखेनुसार वहीत लिहावं आणि सुपरवायझरला वेळच्या वेळी दाखवावं. तोंडी सांगितलं तर ते कारण वाटतं, लिहिलेलं असलं की तो हिशेब होतो. माणसाला बोल लावण्याआधी कामाची मांडणी तपासा, हेच तारापूरच्या कारखान्यांनी दाखवून दिलंय.